एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला क्षयरोगापासून वाचवताना घरच्यांचे काम

एचआयव्हीचे निदान वेळेवर झाले आणि औषधे नियमित सुरू राहिली, तर आज ती व्यक्ती इतरांसारखेच दीर्घ आयुष्य जगू शकते. असे असूनही एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांचे जगभरात सर्वाधिक बळी घेणारा आजार अजूनही क्षयरोग हाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात क्षयरोगाने सुमारे साडेबारा लाख माणसे दगावली आणि त्यांतील सुमारे १ लाख ६१ हजार जणांना एचआयव्हीचा संसर्ग होता. क्षयरोग औषधांनी बरा होतो आणि होण्याआधी रोखताही येतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा अधिकच अस्वस्थ करतो. तो रोखण्याच्या गोळ्या दवाखान्यात मिळतात, पण त्या नेमाने घेतल्या जातात किंवा सुटतात त्या घरात. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या खोकल्याकडे दुर्लक्ष होते तेही घरातच. त्यामुळे प्रतिबंधाचा मोठा भाग घरच्या माणसांच्या हाती आहे, आणि तो त्यांना कोणी नीट समजावून सांगितलेला असतोच असे नाही.

प्रथम आजाराचे स्वरूप पाहू. क्षयरोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधून काढला. फुप्फुसाचा क्षय झालेली व्यक्ती खोकते, शिंकते किंवा बोलते तेव्हा हे जंतू अतिसूक्ष्म कणांतून हवेत जातात आणि बंद खोलीत काही तास तरंगत राहू शकतात. श्वासातून ते दुसऱ्याच्या शरीरात गेले, म्हणजे त्याला आजार झालाच असे मात्र नाही. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना आयुष्यात कधी ना कधी हा संसर्ग झालेला असावा असा अंदाज आहे आणि त्यांतील बहुतेकांना क्षयरोग कधीच होत नाही. त्यांच्या शरीरातील संरक्षक पेशी जंतूंना वेढा घालून बसतात. वेढ्यातले जंतू मरतातच असे नाही, पण त्यांना बाहेर पडता येत नाही. माणसाला ना खोकला येतो ना ताप, आणि त्याच्यापासून इतरांना संसर्गही होत नाही. या अवस्थेला सुप्त संसर्ग म्हणतात.

हा वेढा टिकवून धरण्याचे काम प्रामुख्याने ज्या पेशींवर अवलंबून असते, त्या सीडी४ पेशींनाच एचआयव्ही नष्ट करतो. वेढा सैल पडला की वर्षानुवर्षे गप्प असलेले जंतू वाढू लागतात आणि सुप्त संसर्गाचे रूपांतर प्रत्यक्ष आजारात होते. एचआयव्ही नसलेल्या व्यक्तीला सुप्त संसर्गातून क्षयरोग होण्याची शक्यता उभ्या आयुष्यात साधारण ५ ते १० टक्के असते; एचआयव्ही असून त्यावर उपचार सुरू नसतील, तर जवळपास तेवढाच धोका दर वर्षी असतो. एचआयव्हीवरील औषधोपचाराने, म्हणजे एआरटीने, हा धोका बराच खाली येतो. अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार करता ही घट सुमारे ६५ टक्के असल्याचे दिसते. तरीही एआरटी सुरू असलेल्या व्यक्तीचा धोका एचआयव्ही नसलेल्या व्यक्तीइतका कमी होत नाही. म्हणूनच ज्यांना प्रत्यक्ष क्षयरोग झालेला नाही, अशा एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रौढांना आणि किशोरवयीन मुलांना एआरटीच्या जोडीला क्षयरोग प्रतिबंधात्मक औषधांचा कोर्स द्यावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सीडी४ ची संख्या चांगली असली किंवा पूर्वी क्षयरोगाचे उपचार पूर्ण झालेले असले, तरी ही शिफारस लागू राहते.

या कोर्सचा फायदा केवळ कागदावरचा नाही. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये दोन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या ‘टेम्प्रानो’ या अभ्यासात आयसोनियाझिड या प्रतिबंधात्मक औषधाच्या सहा महिन्यांच्या कोर्सचा परिणाम तपासला गेला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन पाठपुराव्यात, ज्यांना हे औषध दिले गेले त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी आढळले. ज्यांच्या सीडी४ पेशी चांगल्या होत्या अशा लोकांचाही या अभ्यासात समावेश होता, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. कारण ‘माझी तब्येत तर उत्तम आहे, मला याची काय गरज’ ही शंका नेमकी याच लोकांच्या मनात येते.

ही शंका त्या व्यक्तीपेक्षाही घरच्यांच्या मनात अधिक येते. प्रतिबंधात्मक उपचार घेणारी व्यक्ती धडधाकट असते, कामावर जात असते, आणि तरी रोज किंवा दर आठवड्याला मूठभर गोळ्या घेत असते. आधीच एआरटीची गोळी सुरू असते. अशा वेळी आई सहज बोलून जाते, “अरे, तुला ना खोकला ना ताप, मग क्षयाच्या गोळ्या कशाला घेतोस? आधीच का कमी औषधे आहेत?” या बोलण्यात माया असते, काळजी असते, पण गोळी चुकवायला तेवढे निमित्तही पुरते. दुखणे असेल तर औषध घेतल्याने आराम पडतो आणि तो आरामच पुढची गोळी घ्यायला लावतो. इथे आराम पडण्यासारखे काही दुखतच नसते. औषधाचा गुण आला याची खूण एवढीच, की पुढे काही घडले नाही. न घडलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. म्हणून या गोळ्यांमागचे कारण घरातल्या निदान एका माणसाला तरी पुरते समजलेले असावे, आणि शक्य असल्यास त्याने एकदा सोबत जाऊन डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना स्वतःच्या शंका विचाराव्यात.

आयसोनियाझिड १९५२ पासून क्षयरोगावर वापरात आहे. प्रतिबंधासाठी ते रोज एक याप्रमाणे सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ दिले जाते. अलीकडच्या काळात रिफापेन्टिन या औषधाच्या जोडीने छोटे कोर्सही उपलब्ध झाले आहेत. एका पद्धतीत दोन्ही औषधे आठवड्यातून एकदा, अशी एकूण १२ वेळा घ्यायची असतात. दुसऱ्या पद्धतीत ती रोज घेऊन २८ दिवसांत कोर्स पूर्ण होतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एचआयव्हीसह जगणाऱ्या ३,००० लोकांमध्ये हा महिन्याभराचा कोर्स आणि नऊ महिन्यांचे आयसोनियाझिड यांची तुलना झाली. छोटा कोर्स परिणामाच्या बाबतीत उणा ठरला नाही आणि तो पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाणही अधिक होते. कोणता कोर्स कोणाला योग्य, हे मात्र एआरटीमध्ये कोणती औषधे सुरू आहेत यावर ठरते. रिफापेन्टिन आणि त्याच गटातील रिफाम्पिसिन या औषधांमुळे यकृत इतर काही औषधे नेहमीपेक्षा लवकर निकामी करते. त्यामुळे काही एआरटी औषधांसोबत ती देता येत नाहीत, आणि डोल्युटेग्रॅविर हे एआरटीतील औषध सुरू असताना रिफाम्पिसिन द्यायचे असेल तर डोल्युटेग्रॅविरचा डोस दुप्पट करावा लागतो. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही या औषधांमुळे कमी होतो. जोडप्याने ही बाब डॉक्टरांपुढे संकोच न करता मांडली पाहिजे, कारण कोर्स सुरू असेपर्यंत दुसरे साधन वापरावे लागते.

सुरुवात स्वतःच्या तपासणीपासून

घरच्यांची साथ म्हटले की औषधाची आठवण करणे, तब्येतीची चौकशी करणे, सोबत दवाखान्यात जाणे, अशी चित्रे डोळ्यांपुढे येतात. ती सगळी खरी आहेत. परंतु माझ्या मते पहिले पाऊल वेगळे आहे, आणि ते म्हणजे घरातल्या प्रत्येकाने स्वतःची क्षयरोगासाठी तपासणी करून घेणे. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला नवा संसर्ग होण्याची शक्यता सर्वाधिक कुठे असते, तर ज्यांच्यासोबत ती एका छपराखाली झोपते, जेवते आणि तासन्‌तास एकच हवा श्वासात घेते, त्यांच्याकडून. प्रतिबंधाच्या चर्चेत मात्र सगळ्यांची नजर एकट्या त्या व्यक्तीवर खिळलेली असते.

आजोबांचा खोकला हे याचे नेहमीचे उदाहरण. तो गेली कित्येक वर्षे आहे, हिवाळ्यात वाढतो, विडी ओढल्याने येतो, वयच झाले आता, अशी त्याची कारणे घरात पाठ झालेली असतात. मग त्यांचे वजन उतरते, तेही वयाच्या खाती जमा होते. संध्याकाळी अंग थोडे कोमट लागते, तेही कोणी मोजत नाही. प्रत्यक्षात दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला किंवा जुना असूनही स्वरूप बदललेला खोकला बेडक्याच्या तपासणीला पाठवण्यासाठी पुरेसे कारण असतो. ज्या घरात एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती आहे, तिथे दोन आठवडे वाट पाहण्याचीही गरज नाही. आजोबांची तपासणी ही आजोबांसाठी आहेच, पण त्याच घरात राहणाऱ्या नातवाचे किंवा सुनेचे संरक्षणही तिच्यातून होते.

घरात कोणाला फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे निदान झाले, तर त्या घरातील सर्वांची तपासणी व्हायला हवी आणि आजार नसल्याची खात्री झाल्यावर त्यांनाही प्रतिबंधात्मक उपचारांबद्दल विचारायला हवे. पाच वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तर हे विशेष निकडीचे असते, कारण लहान मुलांमध्ये संसर्गाचे रूपांतर गंभीर आजारात फार लवकर होते. जगभरात याच ठिकाणी मोठी उणीव राहिलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या उच्चस्तरीय बैठकीत २०२२ पर्यंत एचआयव्हीसह जगणाऱ्या ६० लाख लोकांना आणि क्षयरुग्णांच्या घरातील २ कोटी ४० लाख लोकांना प्रतिबंधात्मक उपचार देण्याचे उद्दिष्ट ठरले होते. पहिले उद्दिष्ट जवळपास दुपटीने पूर्ण झाले. दुसऱ्या गटात मात्र जेमतेम ४२ लाखांपर्यंतच मजल गेली. म्हणजे जी व्यक्ती उपचार केंद्राशी आधीच जोडलेली आहे तिच्यापर्यंत गोळ्या पोहोचल्या, आणि घरातली उरलेली माणसे बाहेरच राहिली.

भांडी वेगळी करण्याने काय साधते

काहीच नाही. क्षयरोग ताट-वाटीतून, कपड्यांतून, अंथरुणातून किंवा हात मिळवण्यातून पसरत नाही. एचआयव्हीही एकत्र जेवण्याने, मिठी मारण्याने किंवा एकच संडास वापरण्याने पसरत नाही. तरीही भीतीपोटी घरात सर्वांत आधी वेगळे काढले जाते ते ताट. या वागण्याने संरक्षण कोणाचेच होत नाही. ज्याचे ताट वेगळे झाले तो माणूस आपले दुखणे पुढच्या वेळी लपवू लागतो, आणि लपवलेला खोकला घरातल्या सर्वांनाच महागात पडतो.

मद्रासमध्ये १९५६ मध्ये सुरू झालेला एक अभ्यास या संदर्भात आवर्जून सांगण्यासारखा आहे. त्या काळी क्षयरुग्णाला घरापासून दूर आरोग्यधामात ठेवणे अत्यावश्यक मानले जाई. या अभ्यासात काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवले गेले आणि काहींना त्यांच्या घरीच औषधे दिली गेली. घरी राहिलेले रुग्णही जवळपास तितक्याच प्रमाणात बरे झाले, आणि त्यांच्या कुटुंबीयांमध्ये क्षयरोगाचे प्रमाण आरोग्यधामातील रुग्णांच्या कुटुंबीयांपेक्षा जास्त आढळले नाही. कुटुंबीयांना संसर्गाचा खरा धोका असतो तो निदान होण्यापूर्वीच्या काळात, जेव्हा खोकणाऱ्या माणसाला आणि घरालाही आजाराची कल्पना नसते. योग्य औषधे सुरू झाल्यावर जंतू पसरवण्याची क्षमता झपाट्याने कमी होते. म्हणून भीती बाळगायचीच असेल, तर ती उपचार घेणाऱ्या माणसाची न बाळगता तपासणी न झालेल्या खोकल्याची बाळगावी.

हवेच्या बाबतीत मात्र घराला बरेच काही करता येते. खिडक्या-दारे दिवसातून जास्तीत जास्त वेळ उघडी ठेवावीत, समोरासमोरच्या दोन उघडल्या तर हवा खोलीतून आरपार जाते आणि तरंगणारे जंतू तिच्यासोबत बाहेर पडतात. उन्हातील अतिनील किरणांनी हे जंतू मरतात. झोपण्याच्या खोलीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण दिवसाकाठी सर्वाधिक सलग वेळ आपण तिथेच काढतो आणि नेमक्या त्याच वेळी खिडक्या बंद असतात. खोकताना तोंडावर रुमाल किंवा कोपराचा आडोसा धरण्याची सवय घरातल्या सर्वांनाच असावी. निदान झालेल्या रुग्णाने उपचारांच्या सुरुवातीच्या काळात डॉक्टर सांगतील तोवर मास्क वापरावा. घरात कोणी धूम्रपान करत असेल तर ते थांबवणे, किमान घरात तरी न करणे, हाही प्रतिबंधाचाच भाग आहे, कारण तंबाखूच्या धुराने क्षयरोगाचा धोका वाढतो.

पोटभर आणि सकस जेवणाचे महत्त्व सगळेच सांगतात, पण त्याला आता ठोस पुरावाही आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना अतिरिक्त शिधा आणि सूक्ष्म पोषक द्रव्यांच्या गोळ्या देऊन पाहिलेल्या ‘राशन्स’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या कुटुंबांना हा शिधा मिळाला, त्यांच्यात नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते. हा अभ्यास एचआयव्हीसह जगणाऱ्यांपुरता नव्हता. परंतु कुपोषणाने प्रतिकारशक्ती खालावते ही गोष्ट सर्वांनाच लागू आहे, आणि घरात जेवण अपुरे पडत असेल तर ते कोणाच्या ताटात कमी पडते, याकडे पाहण्याची जबाबदारी घराचीच आहे.

लक्षणांवर नजर ठेवताना

एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला प्रत्येक भेटीत चार प्रश्न विचारले जातात: खोकला आहे का, ताप येतो का, वजन कमी झाले आहे का, रात्री घाम फुटतो का. यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल, तर पुढील तपासण्या केल्या जातात, मग खोकला कालच सुरू झालेला का असेना. लहान मुलांच्या बाबतीत वजन न वाढणे आणि क्षयरुग्णाच्या सहवासात आलेले असणे हेही पाहिले जाते.

या प्रश्नांची उत्तरे अनेकदा त्या व्यक्तीपेक्षा घरच्यांना अधिक ठाऊक असतात. पहाटे उशी ओली होते हे बाजूला झोपणाऱ्याला कळते. पट्ट्याला एक भोक पुढे घ्यावे लागते, बांगडी मनगटावरून सैल सरकते, भूक लागत नाही म्हणून जेवणात टाळाटाळ होते, हे जेवायला वाढणाऱ्याच्या लक्षात येते. एचआयव्ही असताना क्षयरोग नेहमीच्या रूपात येईलच असे नाही. खोकला अजिबात नसतो, बेडक्यात जंतू सापडत नाहीत, छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसतो, आणि आजार मात्र मानेतल्या गाठींत, पोटात किंवा मेंदूच्या आवरणात वाढत असतो. म्हणून मानेला किंवा काखेत गाठ येणे, सतत डोकेदुखी राहणे, वागण्यात गोंधळ जाणवणे, अशा गोष्टी आढळल्या तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

एआरटी नुकतीच सुरू झाली असेल, तर पहिल्या काही आठवड्यांत आणखी एक गोष्ट घडू शकते. प्रतिकारशक्ती सावरू लागते आणि शरीरात आधीपासून लपलेल्या क्षयाच्या जंतूंवर ती जोराने प्रतिक्रिया देते. ताप भडकतो, गाठी सुजतात. ‘औषध सुरू केले आणि तब्येत बिघडली’ असे समजून घरचे एआरटी बंद करायला सांगतात. असे परस्पर करणे धोक्याचे आहे. एआरटी सुरू ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

प्रतिबंधात्मक उपचार सुरू करण्यापूर्वी प्रत्यक्ष क्षयरोग नाही याची खात्री करणे यासाठीच अत्यंत आवश्यक असते. प्रतिबंधासाठी एक किंवा दोन औषधे पुरतात. वाढलेल्या आजाराला ती पुरत नाहीत, आणि अपुऱ्या औषधांना जंतू दाद देईनासे होण्याची भीती असते. म्हणून ‘लवकर कोर्स मिळावा’ या घाईपोटी कोणीही घरातला खोकला डॉक्टरांपासून दडवू नये.

गोळ्यांची वेळ आणि त्रासाच्या खुणा

आठवड्यातून एकदा घ्यायचा कोर्स लहान आणि सोपा वाटतो, पण तोच विसरायलाही सोपा असतो. रोजच्या गोळीला हात आपोआप जातो. सात दिवसांनी येणारा वार मात्र कामाच्या गडबडीत निसटतो. यावर साधा उपाय म्हणजे एक वार पक्का करणे आणि दिनदर्शिकेवर बाराही तारखांना आधीच खूण करून ठेवणे. डोस चुकला आणि दोन दिवसांच्या आत आठवण झाली, तर तो लगेच घ्यावा आणि पुढचा डोस ठरलेल्या वारीच घ्यावा. त्याहून उशिरा आठवण झाली, तरीही तो लगेच घ्यावा, पण मग तोच नवा वार धरून पुढचे डोस मोजावेत. दोन साप्ताहिक डोसांमध्ये चार दिवसांहून कमी अंतर पडू नये, आणि चुकलेल्याची भरपाई म्हणून एकाच वेळी दोन डोस कधीही घेऊ नयेत. रोजच्या कोर्समध्ये काही गोळ्या सुटल्या तर ते उपचार केंद्राला सांगावे. सर्व डोस पूर्ण करण्यासाठी थोडा वाढीव अवधी देता येतो, त्यामुळे कोर्स वाया गेला असे समजून तो सोडून देऊ नये.

इथे घरच्यांच्या स्वभावाचाही प्रश्न येतो. आठवण करून देणे आणि पाळत ठेवणे यांत फरक आहे, आणि तो ज्याला गोळी घ्यायची असते त्याला बरोबर कळतो. ‘घेतलीस का?’ हा प्रश्न दिवसातून चार वेळा आला की त्याचे उत्तर खरे मिळेलच याची खात्री राहत नाही. त्यापेक्षा काय सोयीचे पडेल हे त्यालाच विचारावे. कोणाला मोबाइलमधील गजर पुरतो. कोणाला घरच्याने पाण्याचा पेला पुढे करणे आवडते. कोणाला महिन्याच्या औषधांसाठी सुट्टी मिळत नसते, आणि त्याला खरी मदत म्हणजे केंद्रापर्यंतच्या प्रवासाची सोय किंवा त्या दिवशी मुलांना सांभाळणारे कोणीतरी. सुटलेली गोळी मोकळेपणाने सांगता यावी असे वातावरण घरात असले, तर ती सुटलेली एकच राहते.

दुष्परिणामांची माहिती घरच्यांना असणे हे सुरक्षिततेच्या दृष्टीने अनिवार्य आहे. रिफापेन्टिन किंवा रिफाम्पिसिन घेतल्यावर लघवी, घाम आणि अश्रू यांना नारिंगी छटा येते. ती निरुपद्रवी असते आणि तिला घाबरून औषध थांबवण्याचे कारण नाही. आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येऊ शकतात, त्या टाळण्यासाठी सोबत ब६ जीवनसत्त्वाची गोळी दिली जाते, ती अनावश्यक समजून वगळू नये. साप्ताहिक डोसानंतर काही तासांत काहींना फ्लूसारखी कणकण, चक्कर किंवा अंगदुखी जाणवते. तीव्र चक्कर किंवा शुद्ध हरपणे घडल्यास पुढचा डोस घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावेच लागते.

खरी गंभीर बाब यकृताची आहे. भूक एकाएकी जाणे, मळमळ आणि उलट्या, पोटाच्या उजव्या बाजूला वरच्या भागात दुखणे, विलक्षण थकवा, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, या खुणा दिसल्या तर क्षयप्रतिबंधाच्या गोळ्यांचा पुढचा डोस न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नारिंगी छटेची सवय झालेली असल्याने लघवीचा गडद, चहासारखा रंग नजरेतून सुटण्याची शक्यता असते, म्हणून डोळ्यांच्या पांढऱ्या भागाकडे दिवसाच्या उजेडात पाहावे. डोळे पिवळे होण्याची वाटही पाहू नये, कारण मळमळ आणि अन्नावरची वासना जाणे ही सूचना बहुधा त्याच्या आधी मिळते. कोर्सच्या काळात मद्य पूर्णपणे टाळायला हवे. एकट्याला मनाई करून घरातल्या इतरांनी त्याच्यासमोर पीत बसणे ही साथ नव्हे. काविळीवरची म्हणून मिळणारी किंवा ताकदीची म्हणून दिली जाणारी इतर औषधेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.

घरात सगळ्यांना ठाऊक नसेल तेव्हा

आतापर्यंतचे सारे विवेचन घरच्यांना एचआयव्हीची माहिती आहे हे गृहीत धरून केले. अनेक घरांत ती नसते, आणि ती सांगायची की नाही, कोणाला सांगायची, केव्हा सांगायची, हा निर्णय सर्वस्वी त्या व्यक्तीचा असतो. ज्याला माहीत आहे त्याने ते तिसऱ्याला सांगणे, मग तो तिसरा सख्खा भाऊ का असेना, विश्वासघात ठरतो. क्षयरोगाच्या प्रतिबंधासाठी एचआयव्ही जाहीर करण्याची सक्ती कोणावरही नाही. घरातल्या खोकल्याची तपासणी, मोकळी हवा, कुटुंबातील सर्वांची क्षयरोगासाठी चाचणी या गोष्टी एचआयव्हीचा उल्लेखही न करता करता येतात आणि त्या प्रत्येक घराच्या भल्याच्याच आहेत. ज्या व्यक्तीला सांगण्याची इच्छा आहे पण मारहाणीची, घराबाहेर काढले जाण्याची किंवा मुले दुरावण्याची भीती आहे, तिने आधी समुपदेशकांशी बोलावे. काही केंद्रांत समुपदेशक जोडीदारासोबतच्या त्या अवघड संभाषणात स्वतः उपस्थित राहतात. घरातील एकालाच विश्वासात घेतले तरी गोळ्यांचा कोर्स पूर्ण होण्यासाठी तो एक आधार पुष्कळदा पुरेसा ठरतो.

जन्मतः एचआयव्ही झालेल्या किशोरवयीन मुलांची स्थिती याहून नाजूक असते. त्यांना गोळ्या दिल्या जातात पण कशासाठी ते सांगितलेले नसते. मग वय वाढते तसे ते प्रश्न विचारू लागतात किंवा गोळ्या गुपचूप टाकून देऊ लागतात. वयाला झेपेल अशा शब्दांत, टप्प्याटप्प्याने आणि समुपदेशकांच्या मदतीने खरे सांगणे हाच मार्ग आहे. ‘ही खोकला होऊ नये म्हणून’ एवढ्यावर सात वर्षांच्या मुलाचे समाधान होईल, चौदा वर्षांच्या मुलाचे होणार नाही.

कोर्स पूर्ण झाल्यानंतर

प्रतिबंधात्मक कोर्स पूर्ण झाला म्हणजे क्षयरोग पुन्हा कधीच होणार नाही असे नाही. त्याचा परिणाम बराच काळ टिकतो. एआरटी सुरू असलेल्या लोकांमध्ये बारा आठवड्यांचा कोर्स दर वर्षी पुन्हा दिल्याने अधिक फायदा होतो का, हे दक्षिण आफ्रिका, इथिओपिया आणि मोझांबिक या देशांत तपासले गेले, तेव्हा एकदा घेतलेल्या कोर्सपेक्षा वाढीव लाभ दिसला नाही. परंतु नव्या संसर्गाची शक्यता कायम राहते. म्हणून प्रत्येक भेटीत चार प्रश्नांची तपासणी सुरू राहते, एआरटीत खंड पडू द्यायचा नसतो, आणि घरात किंवा कामाच्या ठिकाणी जवळच्या कोणाला क्षयरोग झाला तर ते केंद्राला ताबडतोब कळवायचे असते, कारण अशा वेळी पुन्हा प्रतिबंधात्मक उपचार देण्याचा विचार केला जातो. पूर्ण झालेल्या कोर्सची नोंद असलेला कागद एआरटीच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावा. गाव किंवा केंद्र बदलले, तर कोणती औषधे कोणत्या महिन्यात घेतली हे नव्या डॉक्टरांना त्यावरूनच कळते. घरात नव्याने राहायला येणाऱ्या माणसाला, मग तो पाहुणा असो की कामासाठी मुक्कामाला आलेला नातेवाईक, खोकला असेल तर त्याची तपासणी पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी.